चालू ट्रॅफिकमध्ये हायवेवरचा पूल बदलायचा कसा: कामाचा क्रम आणि हमखास होणाऱ्या चुका

चालू हायवेवरचा पूल बदलायचा म्हटलं की बऱ्याच टीम आधी नव्या पुलाचं डिझाइन पूर्ण करतात, ड्रॉइंग फायनल होतात, आणि मग शेवटी कुणीतरी विचारतं की काम चालू असताना गाड्या कुठून जाणार. तेव्हा खूप उशीर झालेला असतो. गर्डर (पुलाच्या लांबीत जाणाऱ्या मोठ्या तुळया) कुठे येणार, स्लॅब (त्यांच्यावरचा काँक्रीटचा थर) किती रुंद, पाया कुठे खणायचा हे सगळं ट्रॅफिक कुठून जाणार यावर ठरतं, म्हणून या लेखात क्रम उलटा आहे: आधी गाड्यांची वाट, मग पूल. सगळ्यात जास्त जागा मी अर्धा-अर्धा करून पूल बदलण्याच्या पद्धतीला दिलीय, कारण ती सगळ्यात जास्त वापरली जाते आणि सगळ्यात जास्त चुकतेही तिच्यातच.

१. आधी गाड्या मोजा

आठवडाभराची तासागणिक मोजणी हवी. दिवसाची सरासरी इथे काही कामाची नाही, कारण रांग लागते ती गर्दीच्या दोन-तीन तासांत. काम चालू असलेल्या जागी एका लेनमधून तासाला साधारण १३०० ते १६०० गाड्या निघतात, अवजड गाड्या जास्त असतील किंवा चढ असेल तर त्याहून कमी.

समजा एका दिशेने तासाला १९०० गाड्या येतायत आणि तुम्ही दोनची एक लेन केलीत, ती १४०० सोडतेय. म्हणजे दर तासाला ५०० गाड्या मागे साठणार. एका गाडीला पुढच्या-मागच्या अंतरासकट ८ मीटर धरा, मागे दोन लेन आहेत, तर तासाभरात २ किलोमीटरची रांग. गर्दी तीन तास टिकली तर ६ किलोमीटर, आणि तेवढ्यात मागचं एखादं जंक्शन आलं की तेही जाम. हा हिशेब कागदावर दहा मिनिटांत होतो, आणि त्यावरूनच कळतं की लेन दिवसा बंद करता येईल, फक्त रात्री करता येईल की अजिबातच नाही.

तपासा: ओव्हरसाइझ माल नेणाऱ्या ट्रेलरना उरलेल्या रुंदीतून जाता येणार आहे का? नसेल तर त्यांना वळायचा बोर्ड पुलाजवळ लावून उपयोग नाही, तो मागच्या ज्या फाट्यावरून दुसरा रस्ता निघतो त्या फाट्याच्याही आधी लागतो. ॲम्ब्युलन्स आणि फायर ब्रिगेडलाही प्लॅन आधी द्या.

२. पद्धत ठरवा

पर्याय थोडक्यात असे:

- अर्धा-अर्धा पूल: एका बाजूने ट्रॅफिक, दुसरी बाजू तोडून बांधायची, मग अदलाबदल. पूल पुरेसा रुंद हवा.
- शेजारी तात्पुरता पूल: बेली प्रकारचा, म्हणजे तयार तुकडे जोडून उभारायचा स्टीलचा, किंवा साधा. बाजूला जागा हवी. नदीवर असेल तर पुराची पातळी आणि पायाखालची माती वाहून जाणं याचा हिशेब तात्पुरत्या पुलालाही करायचाच.
- जुनाच पूल बाजूला सरकवणं: अमेरिकेतल्या पोर्टलंडमध्ये २०१३ साली सेलवूड पुलाचा सुमारे ३३५ मीटर लांबीचा जुना स्टील ट्रस (त्रिकोणी सांगाडा) एका दिवसात तात्पुरत्या पिअरवर, म्हणजे खांबांवर सरकवला, ट्रॅफिक त्याच्यावरूनच चालू ठेवलं आणि मोकळ्या झालेल्या जागेत नवा पूल बांधला.
- नवा पूल बाजूला बांधून सरकवत आणणं, किंवा एसपीएमटी म्हणजे बऱ्याच चाकांच्या स्वयंचलित ट्रेलरवर उचलून आणणं. यात काही तास किंवा एक वीकेंड रस्ता पूर्ण बंद ठेवावा लागतो. बीजिंगच्या सानयुआन पुलाचं वरचं बांधकाम २०१५ मध्ये ४३ तासांत बदललं. बोस्टनजवळच्या मेडफर्डला २०११ च्या उन्हाळ्यात एकाच हायवेवरचे १४ पूल १० वीकेंडमध्ये बदलले, प्रत्येक वेळी शुक्रवारी रात्रीपासून सोमवारी पहाटेपर्यंतचे ५५ तास घेऊन.

असे आकडे ऐकून सगळ्यांना तीच पद्धत हवी असते. पण त्या ४३ किंवा ५५ तासांच्या मागे कित्येक महिन्यांची तयारी असते. नवा पूल ठेवायला शेजारी मोकळी सपाट जागा नसेल, एसपीएमटीच्या वाटेखालची जमीन वजन पेलणारी नसेल, तर हट्ट करू नका. अर्धा-अर्धा पूल हळू होतो, पण एखाद्या दिवशी काही बिघडलं तरी गाड्या चालूच राहतात, आणि माझ्या मते हा त्याचा फार मोठा फायदा आहे.

३. जुना पूल परत मोजा

जुन्या ड्रॉइंगवर विसंबू नका. वर्षानुवर्षांच्या डांबराच्या थरांनी लेव्हल बदललेली असते, बेअरिंग (गर्डर ज्यांच्यावर टेकतात त्या गाद्या) सरकलेली असतात, गर्डरमधलं अंतर कागदापेक्षा वेगळं निघतं. लेझर स्कॅन करा, आणि महत्त्वाची मापं दुसऱ्या टीमकडून स्वतंत्रपणे घ्या. पहिल्यांनी काढलेले आकडे त्यांना दाखवायचे नाहीत, नाहीतर तेच परत लिहून येतात. गर्डर किंवा स्लॅबचे तुकडे कारखान्यातून तयार होऊन येणार असतील तर या मापांवरच सगळं अवलंबून असतं.

सोबत पुलाखाली लटकलेल्या पाण्याच्या लाइन, केबल, गॅस यांची यादी करा आणि हलवायचं काम लगेच सुरू करा. ज्यांच्या लाइन आहेत ते तुमच्या वेळापत्रकाने चालत नाहीत. युटिलिटी हलल्याशिवाय तोडकामाची तारीख कुणाला सांगूच नका.

४. कापायची रेघ ठरवा

जुना पूल उभा कुठे कापायचा, हा या कामातला सगळ्यात मोठा निर्णय. रेघ ठरवण्याआधी प्रत्येक टप्प्यात रुंदी कशी वाटली जातेय ते मांडा.

उदाहरण घेऊ. जुना पूल १२ मीटर रुंद. एका बाजूला दोन लेन चालू ठेवायच्यात, प्रत्येकी ३.२५ मीटर, म्हणजे ६.५. त्यात बॅरियर ०.६, दोन्ही कडांना ०.३ ची मोकळी पट्टी, म्हणजे अजून ०.६, आणि जुना कठडा ०.४५. बेरीज ८.१५ मीटर. तोडायला उरले ३.८५ मीटर. आता पुढच्या टप्प्यात हेच ट्रॅफिक त्या ३.८५ मीटरच्या नव्या पट्टीवर आणायचंय! म्हणजे जमतच नाही. मग एकतर नवा पूल एका बाजूला रुंद करा, किंवा एकच लेन ठेवून सिग्नलवर आळीपाळीने गाड्या सोडा.

पहिला टप्पा बसला म्हणून खूश होऊन दुसऱ्या टप्प्याची बेरीजच करायची नाही, ही चूक इतक्यांदा दिसते की तिच्यासाठी वेगळा कागद ठेवा. प्रत्येक टप्प्याचा आडवा छेद, मापांसकट.

रेघेबद्दल आणखी तीन गोष्टी:

पहिली, रेघ दोन गर्डरच्या मधे आली तर उरलेल्या बाजूच्या शेवटच्या गर्डरपलीकडे स्लॅबचा तुकडा अधांतरी राहतो, आणि नेमका त्याच्यावर तुम्ही बॅरियर ठेवता. तिथल्या सळया त्या वजनासाठी टाकलेल्याच नसतात. हिशेब करा, नाही टिकला तर रेघ सरकवा किंवा खालून टेकू द्या.

दुसरी, उरलेल्या अर्ध्या पुलाचा शेवटचा गर्डर आता कडेचा गर्डर झाला, शेजारी भार वाटून घेणारं कुणी नाही. त्याच्यावर पूर्वीपेक्षा जास्त वजन येऊ शकतं. चिकटून ठेवलेल्या बॉक्स गर्डरना (पोकळ चौकोनी गर्डरना) आडवे केबल ताणून एकत्र बांधलेलं असेल तर ते केबल कापल्यावर उरलेले गर्डर सुटे पडतात, ते आधी वेगळे बांधून घ्या.

तिसरी, रेघ फक्त स्लॅबवर नसते, ती खाली अबटमेंट (पुलाच्या टोकाचा आधार) आणि पिअरमधून, पायातून आणि मागच्या भरावातूनही जाते. अर्ध्या भागात खोल खणणार आणि बाजूच्या अर्ध्यावरून ट्रक जाणार, तर मधे शोअरिंग, म्हणजे माती धरून ठेवणारा तात्पुरता आधार लागतोच, उदाहरणार्थ शीट पाइल (जमिनीत ठोकायचे स्टीलचे पत्रे). ड्रॉइंगमध्ये ते बरेचदा दाखवलेलंच नसतं, आणि साइटवर कळतं की शीट पाइल ठोकायला जागाच नाही, खाली जुना पाया लागतोय.

सावधान: नव्या पुलाची लेव्हल जुन्यापेक्षा वर येणार असेल तर मधल्या टप्प्यात दोन अर्ध्या भागांत उंचीचा फरक पडतो. ॲप्रोचवर, म्हणजे पुलाला येऊन मिळणाऱ्या रस्त्यावर तात्पुरता उतार, मधे माती अडवणारी भिंत, आणि पाणी कुठे जाणार, हे तिन्ही आत्ताच ठरवा.

५. ट्रॅफिक वळवा, आणि दोन दिवस नुसतं बघा

लेन कमी करताना गाड्यांना सरकायला पुरेसं अंतर द्या. ताशी ७० किलोमीटर किंवा जास्त वेगाच्या रस्त्यावर सोपा नियम: सरकायची रुंदी मीटरमध्ये गुणिले वेग, भागिले १.६. लेन ३.५ मीटर, वेग ८०, म्हणजे १७५ मीटरचा टेपर (लेन हळूहळू अरुंद होत जाणारा भाग). जागा नाही म्हणून ६० मीटरमध्ये कोन लावून टाकले की गाड्या शेवटच्या क्षणी ब्रेक मारतात.

एकाच लेनवर सिग्नल असेल तर दोन्हीकडे लाल ठेवायची वेळ मोजून काढा. बंद भाग १५० मीटर आणि गाडी ताशी ३० ने गेली तर १८ सेकंद लागतात, सायकलवाला ताशी १५ ने गेला तर ३६. कार धरून वेळ लावलात तर सायकलवाला मधे असतानाच समोरून गाड्या सुटतील.

जुन्या पट्ट्या घासून काढा. वरून काळा रंग मारून त्या लपत नाहीत, रात्री पावसात हेडलाइट पडला की जुनी पट्टीच जास्त चमकते आणि माणूस सरळ बॅरियरच्या दिशेने जातो.

बॅरियर नुसता ठेवायचा की बोल्टने बसवायचा? धडक बसली की मोकळा बॅरियर मागे सरकतो. त्याच्या मागे लगेच तोडलेली कड असेल तर बोल्ट मारल्याशिवाय पर्याय नाही. आणि बॅरियरच्या खालून पाणी जायला खाचा हव्यात, नाहीतर पहिल्याच पावसात त्याला लागून तळं साचतं.

हे झाल्यावर लगेच तोडायला घेऊ नका. एक-दोन दिवस नव्या वाटेने गाड्या जाऊ द्या आणि कुणालातरी रांगेच्या शेपटाकडे उभं करा. या कामातले वाईट अपघात बरेचदा तिथेच होतात, वेगात आलेल्या ट्रकला थांबलेली रांग उशिरा दिसते. पुढे रांग आहे सांगणारा बोर्ड रांगेच्या शेपटाआधी पाहिजे, आणि रांग वाढली की बोर्डही मागे न्यायला पाहिजे.

६. पहिला अर्धा भाग तोडा

आधी रेघेवर पूर्ण खोलीचा सॉ-कट (करवतीचा काप), मग गर्डरना एकमेकांशी जोडणारे आडवे डायफ्राम सोडवा, मग स्लॅबचे तुकडे उचला, शेवटी गर्डर. डायफ्राम सोडवायच्या आधी ब्रेकर चालवलात तर हादरे सरळ ट्रॅफिकखालच्या अर्ध्या भागात जातात.

एक्स्कॅव्हेटर जुन्या स्लॅबवर चढवायचा असेल तर त्याचं वजन, ब्रेकरचं वजन आणि स्लॅबवर पडलेल्या मलब्याचं वजन, तिन्ही धरून हिशेब करा. स्लॅब काढत गेलात की उरलेला पूल कमकुवत होत जातो, त्यामुळे पहिल्या दिवशी चाललेलं मशीन चौथ्या दिवशी चालेलच असं नाही. खाली रस्ता किंवा रेल्वे असेल तर गर्डर उचलताना खालची वाहतूक थांबवायचीच, जाळी लावलीय म्हणून चालू ठेवायची नाही. आणि चालू बाजूच्या कडेला सळयांचे बंडल, सिमेंट, जनरेटर असलं काही ठेवू देऊ नका.

तपासा: कापून झाल्यावर उरलेल्या भागाची लेव्हल रोज एकाच वेळी, ठरलेल्या खुणांवर घ्या. अबटमेंटचं झुकणंही मोजा. किती मिलिमीटर हललं की काम थांबवायचं आणि कुणी थांबवायचं, हे आधीच लिहून भिंतीवर लावा.

७. नवा पहिला भाग बांधा

इथे बांधकाम नेहमीसारखंच आहे, फरक रेघेच्या कडेला. पुढच्या टप्प्याच्या स्लॅबला जोडायला सळया बाहेर ठेवाव्या लागतात, पण बाजूला अजून जुना पूल उभा असतो, सळया काढायला जागा नसते. मग लोक त्या वर वाकवतात आणि नंतर परत सरळ करतात. असं करू नका, तिथे सळई कमजोर होते. जागा नसेल तर कपलर (दोन सळया आट्यांनी जोडणारी नळी) वापरा, आणि आटे झाकायला टोप्या लावा, काँक्रीट आत गेलं तर कपलर वाया जातो.

भरावाचं काम घाईत उरकू नका. अबटमेंटच्या मागे पातळ थर देऊन प्रत्येक थर दाबायचा. शोअरिंगला लागून मोठा रोलर जात नाही, तिथे हाताने चालवायचं छोटं मशीन वापरा किंवा स्वतःहून पसरणारं कमी ताकदीचं काँक्रीट ओता. हे टाळलं की सहा महिन्यांत पुलाच्या तोंडाशी खड्डा पडतो आणि प्रत्येक गाडी आपटते.

८. ट्रॅफिक नव्या भागावर आणा

क्यूबची (काँक्रीटच्या नमुन्याच्या ठोकळ्याची) ताकद बघा, पण ते क्यूब साइटवरच्याच हवेत ठेवलेले हवेत. लॅबच्या टाकीत आरामात वाढलेला क्यूब थंडीत पडलेल्या स्लॅबची ताकद सांगत नाही. अदलाबदल कमी गर्दीच्या रात्री करा. त्याआधी एक रिकामा लांब ट्रेलर स्वतः चालवून बघा, मागची चाकं वळणावर बॅरियरला घासतायत का ते लगेच कळतं.

९. दुसरा भाग आणि मधली जोडपट्टी

या टप्प्याला वेळ द्या, कारण इथली चूक नंतर दुरुस्त करणं फार अवघड.

पहिल्या भागाचे गर्डर स्लॅबच्या वजनाने खाली बसलेले आहेत. दुसऱ्या भागाचे गर्डर नुकतेच ठेवलेत, त्यांच्यावर स्लॅब नाही, म्हणून ते थोडे वर आहेत. आता दोन्ही भागांमधल्या क्रॉस-फ्रेमचे (गर्डरना आडवं जोडणाऱ्या चौकटींचे) बोल्ट घट्ट केलेत आणि मग काँक्रीट ओतलंत, तर नवे गर्डर खाली जाताना शेजारच्या गर्डरला ओढत नेतात, तो पिळवटतो, आणि दोन्ही स्लॅबच्या कडा एका लेव्हलला येत नाहीत. म्हणून क्रम असा:

1. दुसऱ्या भागातल्या गर्डरना आपापसात जोडा, पण पहिल्या भागाशी जोडणाऱ्या फ्रेम सैल ठेवा किंवा लावूच नका.
2. दुसऱ्या भागाचा स्लॅब ओता, दोन्ही स्लॅबना शेवटी जोडणाऱ्या पट्टीची, म्हणजे जोडपट्टीची जागा मोकळी ठेवून. ही पट्टी साधारण ०.६ ते १.२ मीटर रुंद असते.
3. गर्डर खाली बसू द्या, काँक्रीटला आकसायला शक्य तितके दिवस द्या, मग दोन्ही कडांची लेव्हल घ्या.
4. आता मधल्या फ्रेम घट्ट करा.
5. शेवटी जोडपट्टी ओता.

जोडपट्टी ओतताना शेजारून ट्रक गेले तर चालतं का, हे सगळे विचारतात. नुसत्या हादऱ्याने चांगलं, कमी पाण्याचं काँक्रीट सहसा बिघडत नाही. बिघडतं ते दोन बाजू वेगवेगळ्या वर-खाली झाल्या की, कारण मग एका बाजूची सळई ओल्या काँक्रीटमध्ये हलत राहते आणि तिच्याभोवती पोकळी तयार होते. म्हणून दोन्ही बाजूंच्या सळया एकमेकींना घट्ट बांधा, शटरिंग दोन्हीकडे पकडून ठेवा, ट्रॅफिक पट्टीपासून शक्य तितकं लांब सरकवा, वेग कमी करा, आणि पट्टी कडक होईपर्यंत अवजड गाड्या दुसरीकडे पाठवता आल्या तर पाठवाच.

पट्टी अरुंद ठेवायची असेल तर यूएचपीसी म्हणजे अतिशय जास्त ताकदीचं तंतुमिश्रित काँक्रीट वापरतात. त्यात सळई व्यासाच्या ८ ते १० पट लांबी धरूनही नीट पकडते. पण ते पाण्यासारखं पसरतं, शटरिंगला बारीक फट असली तरी सगळं खाली वाहून जातं. ओतण्याआधी शटरिंगमध्ये पाणी भरून गळती बघा. जुन्या कडेचा पृष्ठभाग खडबडीत आणि ओलसर हवा, वर पाणी साचलेलं मात्र नको.

सावधान: एक्स्पान्शन जॉइंटची (पूल लांबण्या-आखडण्यासाठी ठेवलेल्या फटीची) रबर सील अर्धी-अर्धी बसवू नका. मधला सांधाच गळतो आणि पाणी थेट बेअरिंगवर पडतं. तात्पुरती सील चालवा, शेवटी एका तुकड्यात पूर्ण रुंदीची बसवा.

१०. सरकवून बसवणार असाल तर

नवं बांधकाम तात्पुरत्या आधारांवरून कायमच्या आधारांवर जाताना दोन्हींची लेव्हल आणि बसण्याचं प्रमाण सारखं हवं. तात्पुरता आधार वजनाखाली १५ मिलिमीटर बसला आणि कायमचा बसलाच नाही, तर सांध्याशी पायरी तयार होते आणि पूल अडकतो. म्हणून तात्पुरत्या आधारांवर आधी वजन ठेवून बघा.

टेफ्लॉन आणि स्टेनलेस स्टीलवरून सरकवताना सुरुवातीला घर्षण जास्त असतं. हिशेबाला १० टक्के धरा, म्हणजे १००० टनाच्या पुलाला सुटायला १०० टनांचा जोर, चालू लागला की बराच कमी पुरतो. जॅक दोन्ही टोकांना, आणि दोन्ही टोकं किती सरकली हे पट्टीवर वाचून सतत ओरडून सांगायला एकेक माणूस. एक टोक पुढे गेलं की पूल तिरका होऊन फसतो. पुढे ढकलायची सोय सगळे करतात, मागे घ्यायची आणि धरून ठेवायची सोयही तेवढीच गरजेची आहे.

वेळापत्रक तासांचं नको, पंधरा-पंधरा मिनिटांचं करा, आणि त्यात मागे फिरायची वेळ लिहा: अमुक वाजेपर्यंत जुना पूल उचलायला सुरुवात झाली नाही तर काम रद्द, रस्ता परत चालू. ही वेळ जुना पूल तोडायच्या आधीची असते, एकदा तोडला की मागे वाट नाही. हा निर्णय कोण घेणार त्या एकाच माणसाचं नाव लिहा. जोराचा वारा, जॅकचा पंप बिघडणं, क्रेन बंद पडणं, या प्रत्येकासाठी दुसरं मशीन साइटवरच उभं हवं, फोन केल्यावर येणारं नको.

आणि वेळ कुठे संपते बघायचं तर ती सरकवण्यात नाही संपत, ती संपते शेवटी भराव, ॲप्रोच स्लॅब आणि डांबर करण्यात. त्या कामांना मोकळा वेळ ठेवा.

११. आवरणं

शोअरिंग उपटताना माती सैल होत असेल तर ते तिथेच ठेवून वरचा भाग कापून टाका. बॅरियरच्या बोल्टची भोकं नव्या स्लॅबमध्ये तशीच सोडू नका, त्यातून पाणी सळईपर्यंत जातं, ग्राउटने (पातळ सिमेंटच्या मिश्रणाने) भरा. तात्पुरते बोर्ड, कमी वेगाचे आकडे आणि वळणाचे बाण त्याच दिवशी काढा, जुने बोर्ड राहिले की पुढच्या कामावेळी कुणी बोर्डावर विश्वास ठेवत नाही. जोडपट्टीवर तीन महिन्यांनी आणि एका पावसाळ्यानंतर पाणी टाकून खालून गळती बघा. कापायची रेघ, कपलरच्या जागा आणि जमिनीत सोडलेलं शोअरिंग हे सगळं शेवटच्या ड्रॉइंगवर मापांसकट उतरवून द्या.